चार माणसांचे दोन गट

सोमवार, ३ नोव्हेंबर. सकाळी साडेदहा. संस्थेचं बीडचं कार्यालय.
उपस्थित : मी, म्हणजे कार्यालय सांभाळणारी सुरेखाताई, समुदाय संघटक तांदळेभाऊ, वसतिगृहाच्या मंगलताई, ड्रायव्हर इसाकभाई.
गैरहजर : संचालक. पुण्याला.
विषय : लिंबागणेशच्या पलीकडच्या वाडीवरचं हंगामी वसतिगृह शनिवारच्या आत सुरू करणे.

एकूण माणसं चार. मी विषय वाचून संपवते न संपवते तोच तांदळेभाऊ उठले, दोनदा टाळी वाजवली आणि म्हणाले, "चला, गट करू या. एक-दोन, एक-दोन म्हणा."

इसाकभाई 'एक' म्हणाले. मंगलताई 'दोन' म्हणाल्या. मी काहीच म्हणाले नाही, तरी मला पहिल्या गटात धरलं गेलं. दुसऱ्या गटात भाऊ स्वतः. दहा मिनिटं चर्चा आणि मग सादरीकरण. सादरीकरण कुणापुढे करायचं? तर दुसऱ्या गटापुढे. त्या दहा मिनिटांत इसाकभाईंनी मला जीपचं मागचं टायर किती घासलंय ते सांगितलं, आणि त्या बैठकीत कामाचं बोलणं झालं ते तेवढंच.

तांदळेभाऊ माणसं मोजत नाहीत, वाटतात. पुतण्याच्या लग्नात पंगतीला गर्दी झाली, तेव्हा त्यांनी वऱ्हाडाला एक-दोन-तीन म्हणायला लावलं. नवरदेवाचा सख्खा मामा 'तीन'मध्ये गेला आणि तिसऱ्या पंगतीला बसवला म्हणून रुसून बसला. भाऊंना त्याचं काही नाही. त्यांच्या मते ती प्रक्रिया छान झाली होती.

'प्रक्रिया' हा त्यांचा लाडका शब्द. दुसरं लाडकं वाक्य : "आपण शिकवायला नाही आलो, शिकायला आलोय." सतरा वर्षं ते शिकताहेत. पास कधी होणार हे विचारायची सोय नाही, कारण कुठल्याही प्रश्नाला ते उत्तर देत नाहीत, उलट विचारतात, "तुम्हाला काय वाटतं?" एकदा पाटोद्याच्या रस्त्यावर जीप बंद पडली. इसाकभाईंनी विचारलं, पाना कुठं ठिवलाय? भाऊ म्हणाले, तुम्हाला काय वाटतं? इसाकभाईंनी बॉनेटमधून डोकंही वर काढलं नाही. म्हणाले, "मला वाटतं, तुमी उतरून धक्का मारावा."

आणि गावाचा नकाशा. संस्थेत काम न केलेल्यांसाठी सांगते : गावातल्या लोकांना गोळा करून जमिनीवर रांगोळीनं त्यांचंच गाव त्यांच्याचकडून काढून घ्यायचं, असा आमच्याकडे एक कार्यक्रम असतो. रस्त्याला रांगोळी, विहिरीला चिंचोके, घराला ज्वारीचा दाणा. का, तर लोकांना आपलं गाव कळावं. गावात जन्म काढलेली म्हातारी माणसं मुकाट्यानं काढतातही, कारण शेवटी चहा असतो. एका वाडीवर असा नकाशा पुरा झाला आणि सगळे चहाला उठले. तेवढ्यात एका कोंबडीनं अख्खी वरची वस्ती टिपून खाल्ली. भाऊ परत आले, उरलेले दाणे मोजले आणि कागदावर उतरवून घेतले. माझ्याकडे अहवाल आला त्यात लिहिलं होतं : वरच्या वस्तीतील सर्व कुटुंबे स्थलांतरित. मी फोन करून खात्री केली. कुटुंबं घरीच होती. स्थलांतरित फक्त कोंबडी झाली होती, तीही पाव्हण्यांच्या ताटात.

तर अशा माणसाच्या हाती वसतिगृह. दिवाळी झाली की आमच्याकडची गावं ऊसतोडीला निघतात. पोरं सोबत गेली की शाळा सुटली ती सुटलीच. म्हणून त्यांना मागं ठेवून घ्यायचं. मंगलताई शाळेतच त्यांच्यासोबत राहतात, रांधतात, निजवतात. काम सोपं आहे. आयांकडून नावं घ्यायची, यादी करायची, सह्या घ्यायच्या. ट्रक येण्याआधी.

शुक्रवारी मी स्वतः वाडीवर गेले. ट्रक दुसऱ्या दिवशी पहाटे येणार होते. दारादारात बोचकी बांधून पडलेली, आणि भाऊ चौदा बायांना पारावर बसवून 'वसतिगृहाकडून माझ्या अपेक्षा' या विषयावर त्यांचे गट पाडत होते. एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "आरं बाबा, उंद्या टरक येतंय. अजून माझं पीठ दळून न्हाई. अन् तू मला तीन नंबरात कावून घालतूस?"

मी कागद काढला. भाऊंना बाजूला व्हायला सांगितलं. वीस मिनिटांत सव्वीस मुलांची यादी पुरी केली : नाव, वय, इयत्ता, रक्तगट, आधार क्रमांक, आईची सही किंवा अंगठा. राणीची आई तेवढी अडली होती. तिचं काहीतरी विचारायचं राहिलं होतं, आणि भाऊ म्हणत होते, तिला जरा वेळ द्या. मी म्हटलं, वेळ संपलाय. तिनं अंगठा दिला. शनिवारी वसतिगृह सुरू झालं. संचालकांनी पुण्याहून भाऊंचं अभिनंदन केलं. प्रक्रिया उत्तम झाली, असं त्यांनी कळवलं.

डिसेंबरात एक नवीन भानगड माझ्या नजरेला आली. आमच्याकडे हालचाल रजिस्टर असतं. कोण कुठं गेलं, कशाला गेलं, कधी परतलं, हे ज्यानं त्यानं लिहायचं. भाऊंच्या नावापुढे आठवड्यातून तीनदा, कधी चारदा : चौसाळा, समुदाय संवाद, निघण्याची वेळ संध्याकाळी पाच. परतण्याची वेळ कोरी. चौसाळ्यात आमचा कार्यक्रम नाही, गट नाही, साधा एक बोर्डही नाही. हायवेचं गाव, जमिनीला भाव आलेला. मी मनाशी ठरवून टाकलं : भाऊ प्लॉटिंगच्या धंद्यात उतरले. इसाकभाईंचं मत वेगळं होतं. ते म्हणाले, "हा माणूस प्लॉट इकायला गेला तर गिऱ्हाइकाचे गट पाडील."

मी खुलासा मागणारं पत्र टाइप केलं, दोन प्रती काढल्या, पिशवीत ठेवल्या. एका बुधवारी पाचला भाऊंची मोटारसायकल निघाली, आणि तिच्या मागून आमची जीप.

गावाच्या टोकाला एक दुमजली घर होतं. दारात ट्रॅक्टर. पायरीवर तांदळेभाऊ बसले होते. पुढ्यात कापसाच्या बोंडांचा ढीग. ते एकेक बोंड फोडून कापूस काढत होते आणि टोपल्यात टाकत होते. हातात चार्ट नाही, स्केचपेन नाही. सतरा वर्षांत मी त्यांना असं पहिल्यांदाच पाहत होते. आधी मला ते ओळखूच आले नाहीत.

घर एका मुकादमाचं होतं. वाडीवरची बाकीची घरं दुसऱ्या मुकादमांबरोबर ऊसतोडीला गेली होती, एकच घर याच्या टोळीत होतं. मुकादमाची बायको दारात उभी होती. मी संस्थेची आहे म्हटल्यावर तिनं माझ्यापुढे हात जोडले.

"ताई, ह्या माणसाला घिऊन जावा. येतंय अन् पायरीवर बसतंय. मालकाचा नवा नंबर दे म्हनतंय. मी न्हाई म्हनलं की 'बरं' म्हनतंय, अन् परवा पुन्हा हाजीर. बसलाच हाईस तर बोंडं तरी सोल म्हनलं, तर सोलाया लागला. मी नंबर देणार न्हाई. तुमी संस्थेवाले. आज नंबर घेता, उंद्या पेपरात छापून आणता."

तिचं अगदीच चुकीचं नव्हतं. गेल्या वर्षी आम्ही ते केलं होतं.

मुकादमानं जुना नंबर बंद केला होता आणि टोळी कारखाना बदलून कर्नाटकात गेली होती. कुठल्या कारखान्यावर, ते वाडीवर कुणालाच ठाऊक नव्हतं. मी भाऊंना विचारलं, नंबर कशाला हवाय?

ते खालीच बघत होते. बोंड हातात तसंच.

"राणीनं संध्याकाळचं जेवण सोडलंय, ताई. दोन आठवडे झाले. आईचा आवाज ऐकला की जेवन म्हणते. मंगलताईंनी लई केलं, न्हाई खात. ताप येतोय आता." हातातलं बोंड फोडत म्हणाले, "निघताना तिची आई मला म्हणली होती, पोरीशी बोलायचं कसं? मी म्हणलो, बोलणं करून देतो, तू जा. माझ्या शब्दावर गेली ती."

मी म्हटलं, मग बैठकीत का नाही सांगितलंत?

"बैठकीत सांगून नंबर मिळतो व्हय?"

सतरा वर्षांत मला त्यांचं पटलेलं हे पहिलं वाक्य.

राणीच्या आईचं विचारायचं राहिलेलं ते हेच. मी पिशवीतून यादी काढली. यादी माझ्याकडे कायम असते. नाव, वय, इयत्ता, रक्तगट, आधार क्रमांक, अंगठा. नऊ वर्षांच्या पोरीचा रक्तगट मी विचारला होता. आई कुठं असेल, तिच्याशी बोलायचं कसं, याला रकानाच नव्हता. रकाने मी आखले होते. माझ्या पट्टीनं.

पत्राच्या दोन्ही प्रती मी पिशवीतच ठेवल्या. मुकादमाच्या बायकोला सांगितलं, पेपरवाल्यांना काही कळणार नाही, हवं तर लिहून देते. ती म्हणाली, तुमच्या लिहिण्यालाच तर भेते. मग मी पदर खोचला आणि पायरीवर बसले. बोंडाचं टोक बोटात घुसतं, सोलणं वाटतं तितकं सोपं नाही. इसाकभाई जीपपाशी थोडा वेळ उभे राहिले, मग तेही आले. अंधार पडेपर्यंत ढीग निम्मा झाला. नंबर मिळाला नाही. निघताना भाऊ म्हणाले, "बरं, परवा येतो." ती बाई टोपलं आत नेता नेता थांबली आणि पोरीचं नाव काय म्हणून विचारलं.

भाऊ बदलले वगैरे काही नाही. कालच्या बैठकीत आम्ही पाच जण होतो, संचालक आले होते, आणि पाचांचे दोन गट होत नाहीत म्हणून अर्धा तास गेला. मी इतिवृत्तात तसं नोंदवलं आहे.

या आठवड्याची माझी यादी : जीपचं टायर, झालं. राणीला दवाखान्यात नेणं, झालं. ताप उतरलाय, जेवण नाही. सव्वीस पालकांचे फोन नंबर नव्या रकान्यात भरणं : पंचवीस झाले.

एक बाकी.