कोऱ्या कापडाचे नऊ दिवस

आमच्या समोरच्या घरातले हसुराम म्हात्रे गेल्या चार वर्षांत सात वेगवेगळ्या ठिकाणचे युनिफॉर्म घालताना दिसले. औषधांच्या दुकानाचा निळा शर्ट, चष्म्याच्या दुकानाचा मरून, कुठल्याशा कुरिअरचा पिवळा. या सातपैकी एकाही ठिकाणी ते एक दिवसही कामाला नव्हते.

हे मी खात्रीने सांगतो, कारण त्यांची गच्ची आणि आमची बाल्कनी यांच्यामध्ये फक्त एक गल्ली आहे, साडेबारा फुटांची. टेप घरातच असते, म्हणून माप माहीत आहे. आमची सोसायटी जिथे संपते तिथे घणसोली गाव सुरू होतं, आणि गावातलं पहिलं घर दादांचं, म्हणजे हसुराम म्हात्र्यांचं. मी रबाळ्याला एका कंपनीचं स्टोअर सांभाळतो. दिवसभर नटबोल्ट मोजत असल्यामुळे चुकलेला आकडा मला सोसत नाही. "अर्धा तास झाला हाक मारतेय," असं बायको म्हणाली की मी घड्याळ बघतो. सहसा चार मिनिटं झालेली असतात.

दादांचा कार्यक्रम ठरलेला असे. वर नवाकोरा कडक शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, खाली लुंगी. त्या वेषात ते कुंड्यांना पाणी घालत, पाव आणत, दुपारी त्याच शर्टात डुलकी काढत. मग शर्ट धुऊन दोरीवर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच. असे बरोबर नऊ दिवस. दहाव्या दिवशी तो शर्ट गायब आणि दादा आपल्या नेहमीच्या बनियनवर. ते बनियन इतकं विरलेलं, की त्यातून पेपर वाचता यावा.

"दादा ड्युटीला निघाले बघा," नवा शर्ट दिसला की माझी बायको सुजाता म्हणायची.

एकदा मी सरळ विचारलं, "दादा, नवी नोकरी?"

"नाय वो, सावंतभाव. खल काढतंय."

खळ म्हणजे कोऱ्या कापडाला कडक ठेवणारी कांजी. दादा तिला 'खल' म्हणतात. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कापड कारखान्यात, खळ धुऊन काढायच्या खात्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली. कारखाना गेला, तिथे काचेची इमारत उभी राहिली, पण दादांच्या बोटांची सवय गेली नाही. कुणीही भेटला की आधी त्याची कॉलर अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरायची आणि सांगायचं, "चार धुवन झालीत." विचारून बघावं तर चारच झालेली असत. खिशात छोटी कात्री. शर्टाच्या मानेला आतून लेबल दिसलं की, "टोचतंय ना?" असं विचारून उत्तर यायच्या आत ते कापून टाकलेलं असे. माझी स्वतःची तीन लेबलं अशी गेली आहेत.

माणसांनाही ते हेच माप लावत. गावातल्या एका नव्या जावयाबद्दल म्हणाले, "चांगला हाय, पन खल नाय गेली अजून." माझ्याबद्दलचं मत त्यांनी माझ्या तोंडावर सांगितलं होतं. "सावंतभाव, वहिनी तुमाला ईस वर्सां धुतंय, पन तुमची खल काय जात नाय."

"बावीस," मी म्हणालो.

"ह्याच बोलतंय मी."

एका हळदीला तर त्यांनी कमाल केली. बँजो वाजतोय, अर्धं गाव नाचतंय, आणि नवरदेव खुर्चीत बसून जरीच्या कॉलरमध्ये बोट घालून मान खाजवतोय. दादा नाचणाऱ्यांतून वाट काढत स्टेजवर गेले, कॉलर चिमटीत धरली आणि बँजो थांबायच्या नेमक्या क्षणी ओरडले, "आरं, नऊ दिस आधी मना का नाय दिलास?"

तिसऱ्या युनिफॉर्मच्या वेळी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. दोरीवरच्या शर्टाची बटणं डाव्या बाजूला होती आणि काजं उजव्या. पुरुषांच्या शर्टाला हे उलट असतं. मी आधीचे दोन्ही शर्ट आठवून पाहिले. खांद्याची शिलाई दादांच्या खांद्याच्या आतच बसायची आणि बाह्या मनगटाच्या दोन इंच वर संपायच्या. मी सुजाताला सांगितलं, "शर्ट बायकांचे आहेत."

"दुसऱ्याच्या गच्चीतली बटणं मोजता," ती म्हणाली. "स्वतःच्या शर्टाचं बटण तुटलंय, ते तीन दिवस दिसलं नाही."

"दोन."

बटणं कळली, पण कारण कळेना. आणि कारण रोज माझ्या समोरून स्कूटीवर जात होतं.

दादांची मुलगी प्रणिता. वय सव्वीस, हिशेबात हुशार, बोलायला गोड. पण गल्लीत तिचं नाव एकाच गोष्टीसाठी घेतलं जाई: पोरगी कुठे टिकत नाही. दोन महिने इथे, पाच महिने तिथे. "लाडावून ठेवलीय," असं बायका म्हणत, आणि खोटं का बोलू, मलाही तसंच वाटे. नोकरीला निघताना ती वरून सनकोट चढवायची, तोंडाला स्कार्फ. आत काय घातलंय ते कधी दिसलं नाही, त्यामुळे दादांचा शर्ट आणि तिची नोकरी यांची बेरीज मी कधी केलीच नाही.

ती बेरीज दादांनीच करून दिली. गेल्या मे महिन्यात एका शुक्रवारी संध्याकाळी ते आमच्या दारात उभे राहिले. हातात कोरा आकाशी शर्ट, घड्या अजून टाचण्यांनी पकडलेल्या. अंगावर तसाच दुसरा.

"सावंतभाव, तुमी बारीक हाव. तुमाला बसल."

मी त्यांना आत बसवलं. सुजाताने पाणी दिलं. पाणी तसंच हातात धरून ते बोलायला लागले.

प्रणिताला लहानपणापासून कोरं कापड सहन होत नाही. शिलाई, लेबल, कडक कॉलर अंगाला लागली की तिला दुसरं काही सुचत नाही. समोरचा काय बोलतोय तेही कळत नाही. "आपले अंगाला कमी आयकाला येतं," दादा म्हणाले, "तिचे अंगाला जास्ती." शाळेत असताना आईने तिच्या प्रत्येक गणवेशाच्या कॉलरला आतून आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा लावला. नऊवारी, वर्षानुवर्षं धुतलेलं, लोण्यासारखं झालेलं कापड. दादांची बायको जाऊन आता पाच वर्षं झाली. घरात उरलेली लुगडी वर्षभर पुरली.

"लुगरी संपली, मंग मी घालाला लागलो. मशीनमधी धुवून खल जाते, पन कापराला मानूस कलत नाय. अंगावर रेटाला लागतं."

आधीच्या ठिकाणी पहिले पंधरा दिवस साधे कपडे चालायचे. तेवढ्यात दादा पहिला शर्ट तयार करत. पण ते एकटे, शर्ट तीन-तीन. बाकीचे दोन तिला कोरेच घालावे लागत, आणि दोन-पाच महिन्यांत सगळं फिसकटे. आता एका हॉस्पिटलात पुढच्या काउंटरला काम मिळालं होतं. शर्ट दोन, दोन्ही आजच हातात आलेले, आणि सोमवारी सकाळी सातपासून युनिफॉर्म सक्तीचा.

"ती बोलली, दादा, ह्या शेवटचा. नाय जमला तं मी घरीच बसंन. परत कुठं जायाची नाय." पाण्याचा पेला त्यांनी तसाच खाली ठेवला. "ती बोलली तं करल, सावंतभाव. आयशीवर गेलीय."

नऊ दिवसांचं काम अडीच दिवसांत करायचं होतं. मी कागद घेतला. शुक्रवारी एक वेळ घालून धुवायचा, शनिवारी चार, रविवारी चार: नऊ. उन्हाळा असल्यामुळे शर्ट तासाभरात वाळणार होता. दादांनी कागद पाहिला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे आदराने बघितलं.

मी तो शर्ट घातला. बटणं उलटी असल्यामुळे पहिलं बटण लावायलाच पाऊण मिनिट गेलं. सुजाता हसता हसता पलंगावर बसली. "ड्युटीला निघाले का?" म्हणाली. मी त्या शर्टात पेपर वाचला, जेवलो, शनिवारी भाजी निवडली. गल्लीपलीकडे दादा त्यांच्या शर्टात फेऱ्या मारत होते. मध्येच ओरडत, "मान फिरवा, मान! कॉलर मोडाला पायजे!" मी मान फिरवत होतो. तीस वर्षं ऑफिसला शर्ट घालून जातोय, पण मानेला काय वाटतं याकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं. त्या दोन दिवसांत दिलं. डाव्या बाजूला, कानाच्या खाली, शिलाईची एक गाठ होती. ती चौथ्या धुण्यापर्यंत टोचली, पाचव्याला थांबली. मी सुजाताला तसं सांगितलं. ती या वेळी हसली नाही.

सोमवारी प्रणिता गेली. मंगळवारीही गेली. पहिले दोन महिने दादा रोज तीन वाजल्यापासून गच्चीच्या कठड्याला उभे राहत. सव्वातीनला स्कूटी वळली की तिच्या चेहऱ्याकडे बघत, आणि मग आत जात. हळूहळू त्यांनी उभं राहणं सोडलं. सहा महिने झाले, ती तिथेच आहे. दोरीवर नवा शर्ट आला नाही.

खरं तर दादांनी खूश असायला हवं होतं. होतेही. पण हात रिकामे झाले. आता ते गच्चीत बनियनवर बसून कठड्यावर वाळणाऱ्या टॉवेलची कड चिमटीत धरून बसत. संध्याकाळी सहा ते सात देवळाच्या ओट्यावर जाऊन येत. एकदा मी म्हणालो, "आता आराम." ते म्हणाले, "हा. आता कोन बोलवतंय मना."

दिवाळीच्या आधीची गोष्ट. दादा ओट्यावर गेले होते, मी बाल्कनीत उभा होतो. प्रणिता गच्चीत आली. अंगावर पुरुषी चौकटीचा शर्ट, कोरा, तिच्या दुप्पट मापाचा. बटणं उजवीकडे. ती कॉलरमध्ये बोट घालून, दात आवळून, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होती. मग तिने तो जवळजवळ फाडूनच काढला. आत तिचा जुना मऊ टी-शर्ट होता. सात मिनिटं झाली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. बारा मिनिटं. मधल्या एका दिवशी ती रडली, पण शर्ट काढला नाही. शेवटच्या दिवशी पाऊण तास चालली आणि मान फिरवत राहिली.

हे मी सुजातालाही सांगितलं नाही.

पाडव्याला दादा फराळाचं ताट घेऊन आले. अंगावर तोच चौकटीचा शर्ट. "पोरीने घेतला," ते म्हणाले. "नवा हाय."

"छान आहे."

"नवा हाय, पन..." त्यांनी सवयीने स्वतःचीच कॉलर चिमटीत धरली आणि बोटं हळूहळू फिरवली. आतून मानेला हात लावला. लेबल नव्हतं, टाके एकेक करून उसवून काढलेलं होतं. बोटं तिथेच थांबली.  सुजाता चहा घेऊन आली आणि तशीच उभी राहिली.

"नऊ दिस," ते शेवटी म्हणाले. "कुनीतरी नऊ दिस अंगावर घातलाय ह्या."

मी बाल्कनीतून अकरा मोजले होते.

"हो दादा," मी म्हणालो, "नऊच."