चंपाचं माहेरपण

चंपा मंगळवारी सकाळी गेली. पोटातलं आठ महिन्यांचं बाळही तिच्याबरोबर गेलं. तिच्या नवऱ्याला, महिपतीला, हे कळलं तेव्हा तो हडपसरहून भरलेली कंपनीची बस घेऊन हिंजवडीच्या चौकात उभा होता आणि पुढची गाडी हलत नव्हती. फोन त्याच्या आईचा होता. मागच्या चाळीस इंजिनियरांना उतरवून, बस लावून, किल्ली जमा करून तो मांजरीला परत आला, तोवर दुपार झाली होती.

त्याच दुपारी ही बातमी माता-बाल आरोग्य प्रकल्पाच्या मांजरी केंद्रालाही कळली आणि तिथे खरी अडचण उभी राहिली.

अडचण अशी, की प्रकल्पात मरणाची सोय नव्हती. एका सॉफ्टवेअर कंपनीच्या अनुदानावर हा प्रकल्प चाले. 'एकही माता दगावणार नाही' असं अनुदानाच्या करारात लिहिलेलं होतं, आणि टॅबलेटवरचा फॉर्म बनवणारी माणसं हुशार होती. जे होणारच नाही त्याला रकाना कशाला, म्हणून त्यांनी तो ठेवलाच नाही. नोंदवलेली बाई यादीतून काढायची तर तीनच कारणं चालत: प्रसूती झाली, सेवा नको म्हणाली, माहेरी गेली.

केंद्राच्या समन्वयक दीपाली मॅडम मुळात भल्या. त्यांना रडू आलं. डोळे पुसून त्यांनी तिन्ही कारणं पुन्हा वाचली. प्रसूती झाली नव्हती. सेवा नको असं चंपा कधीच म्हणाली नव्हती. उलट दर सोमवारी ती केंद्र उघडायच्या आधी पायरीवर येऊन बसायची. राहता राहिलं माहेर. पहिलटकरीण सातव्या-आठव्यात माहेरी जाते, ही तर आपली रीतच. मॅडमनी त्यावर बोट टेकवलं.

तेरावं उरकून महिपती केंद्रात आला. चंपा वारली हे लिहावं आणि का वारली तेही लिहावं, एवढंच त्याचं मागणं होतं. तिचा रक्तदाब तीन सोमवार वाढत होता. तिचं कार्ड लाल झालं होतं. लाल कार्डाच्या बाईला चिठ्ठी देऊन त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पाठवायचं, असा नियम. पण महिनाअखेरीला वरच्या कार्यालयात आलेख जाई आणि त्यात लाल रेघ खाली आलेली दिसावी लागे. म्हणून चंपाचं कार्ड पिवळं झालं. पिवळ्याला 'पुढच्या भेटीत पाहू' एवढंच सांगतात. पुढच्या भेटीच्या सोमवारी सुट्टी होती. मंगळवारी तिला झटके आले.

चंपा परत येणार नाही हे महिपतीला कळत होतं. पण त्याची धाकटी बहीण पूर्णिमा, वहिनी गेल्यावर आईला सोबत म्हणून मांजरीत येऊन राहिली होती. तिला पाचवा महिना होता आणि तिचं नावही याच केंद्रात घातलं होतं. एक मरण कागदावर आलं तर चौकशी होईल, आणि चौकशी झाली तर कार्डांचे रंग बदलायचे थांबतील, एवढं बस चालवणाऱ्यालाही समजतं.

"मॅडम, माझी बायको वारली हाय. तसं लिवा."

"दादा, मी समजू शकते. पण सिस्टीममध्ये ऑप्शनच नाहीये. मी 'इतर'सुद्धा शोधलं, अहो."

"मग काय लिवलंय?"

"माहेरी गेली."

"तिच्या आयला कळवलंय का तसं?"

मॅडमना त्यातला टोमणा लागला नाही. "ते ऑटोमॅटिक जातं, दादा."

आणि ते गेलंच. चंपाचं माहेर नदीपलीकडे, सहा किलोमीटरवर. तिथेही याच प्रकल्पाचं केंद्र होतं. आठवड्याच्या आत तिथल्या कार्यकर्त्या इंदुबाई वजनकाटा घेऊन चंपाच्या आईच्या, मथुराबाईंच्या दारात उभ्या राहिल्या.

"लेक आली असंल ना बाळंतपणाला? वजन घ्यायचंय."

मथुराबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग पाट सरकवला. "बस बाई. च्या घे. ती आली की पहिलं तुलाच सांगते."

इंदुबाईंनी लिहिलं: माता अद्याप पोहोचलेली नाही. आता एका केंद्रातून निघालेली बाई दुसऱ्या केंद्रात पोहोचली नव्हती. संगणकाने यावर स्वतःच्या बुद्धीने मार्ग काढला आणि चंपाच्या नावापुढे लिहिलं: प्रवासात.

सहा किलोमीटरचा हा प्रवास तीन महिने चालल्यावर अनुदान पाहणाऱ्या विक्रम सरांनी बैठक बोलावली. माहिती चाळली तेव्हा दिसलं, की दोन वर्षांत अकरा बायका माहेरी गेल्या आणि पोहोचल्या नाहीत. सर काही बुद्दू नव्हते. त्यांनी आकडा दोनदा वाचला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "म्हणजे माहेरची ओढ हा आपल्याकडे फारच स्ट्राँग फॅक्टर आहे. त्यावर काम करायला हवं."

काम झालं. नवं अनुदान आलं. प्रत्येक माहेरवाशिणीला एक स्टीलचा डबा, एक शाल आणि 'सुखरूप प्रवास' ही रंगीत पुस्तिका. वाटप हडपसरच्या एका सभागृहात ठेवलं. लाभार्थी प्रवासात असल्याने नवऱ्यांना बोलावलं.

तोवर पूर्णिमाचे पाय सुजले होते. तिचं कार्ड लाल झालं आणि महिनाअखेरीला पिवळं. महिपती तिला स्वतःच मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला, तर तिथे केंद्राची चिठ्ठी मागितली. चिठ्ठी लाल कार्डालाच मिळते. म्हणून तो वाटपाला गेला. तिथे विक्रम सर तरी समोर सापडतील, असं त्याला वाटलं.

त्याच्या शेजारच्या खुर्चीत बुद्धभूषण नावाचा गृहस्थ बसला होता, एका कारखान्यात फिटर.

"आपल्या कधी गेल्या?" बुद्धभूषणने विचारलं.

"दिवाळीच्या आधी. तुमच्या?"

"जुलैत."

"काय निरोप?"

"दर सोमवारी मेसेज येतो. 'आम्रपालीताई, गोळ्या घेतल्या का?' मी 'हो' दाबतो. नाही दाबलं तर दोनदा येतो."

दोघं हसले नाहीत. नाव पुकारलं तसा महिपती मंचावर गेला. डबा घेतला, शाल घेतली. सूत्रसंचालक बाईंनी मनोगतासाठी माइक पुढे केला. कॅमेरा सुरू होता.

महिपती म्हणाला, "चंपा माहेरी गेलेली नाही. ती मेली. तिचं लाल कार्ड तुम्ही पिवळं केलं म्हणून मेली. आता माझ्या बहिणीचं केलंय. तिला चिठ्ठी द्या."

सूत्रसंचालक बाई अनुभवी होत्या. "पत्नीच्या विरहाने दादा किती हळवे झालेत, पाहा," त्या म्हणाल्या आणि आधी स्वतः टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. विक्रम सरांनी महिपतीला मिठी मारली आणि चिठ्ठीचं दीपाली मॅडमशी बोलायला सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "सिस्टीममध्ये यलो आहे ना, दादा."

कार्यक्रमाची सव्वा मिनिटाची चित्रफीत निघाली. मागे बासरी लावली होती. तीत महिपती हातात माइक घेऊन बोलतो आहे आणि त्याचे ओठ हलताना दिसतात. ती तुमच्याही फोनवर आली असेल. तुम्ही ती चारचौघांत होतात म्हणून आवाज बंद ठेवून पाहिली, खाली जोडलेले हात टाकले आणि पुढे तीन गटांत पाठवली.

पूर्णिमाला नववा लागला आहे. चिठ्ठी मिळालेली नाही. चंपा वारली, ही नोंद अजून व्हायची आहे.