अंगठा उमटेना

काशीराम जिवंत आहे, हे मशीन काही केल्या मान्य करेना.

"काका, परत ठेवा," सेंटरवरची धनश्री म्हणाली. त्याने अंगठा दाबला. पुन्हा लाल दिवा. हयातीचा दाखला निघाला नाही तर पेन्शन अडकणार, म्हणून तो हटत नव्हता आणि डिंडोलीतल्या त्या टीचभर दुकानात मागे रांग खोळंबली होती.

"बाबा, अंगठा एवढा कडक कसा झाला?" मुलाने, प्रज्ञेशने विचारलं.

"शाळेत शिपाई होतो. घंटा बडवून झाला असंल."

ही शुद्ध थाप होती. निवृत्त होऊन काशीराम जेमतेम महिनाभर घरी बसला आणि मग पर्वत पाटिया भागातल्या शोभाबाईंच्या कारखान्यात साड्यांना खडे चिकटवायला जाऊ लागला. अंगठ्यावर गमचे थर चढले होते. प्रज्ञेशला मात्र वाटे, बाबा बागेत बसतात. पलसाण्याच्या मिलमध्ये सुपरवायझर झाल्यापासून त्याला लोक काय म्हणतील याची भारी काळजी. पेन्शनीत निघालेला बाप कारखान्यात जातो हे कळतं, तर त्याने काम त्याच दिवशी बंद केलं असतं. काशीरामला ते सोडायचं नव्हतं. तिथे गप्पा होत्या आणि 'आराम करा' असं त्याला कुणी म्हणत नव्हतं.

रांगेतून सल्ले सुरू झाले. कुणी लिंबू चोळायला लावलं, एकीने पर्समधून नेलपॉलिश काढायचं पाणी दिलं. अंगठा लाल झाला, पण उमटला नाही.

"राहू द्या, मोबाईलवर चेहरा घेते," धनश्री म्हणाली. काशीरामने घाईने घाम पुसला. नखाच्या कडेला चिकटून राहिलेला, आता सुटत आलेला हिरवा खडा थेट कपाळाच्या मधोमध जाऊन बसला.

"काका, हे काय? साडीचा खडा?"

रांग खो खो हसली. प्रज्ञेश हसला नाही. "बाबा! तुम्ही कामाला जाता?"

"जातो! शोभाबाईकडं. चोरी करतो का काय?"

"अहो, पेन्शन बंद होईल ना!"

"खासगी कामानं नाही होत, दादा," धनश्री खडा काढत म्हणाली. "हलू नका, काका. हां, झालं!"

काशीराम ताठ उभा राहिला. "मशीननं मानलं मी जिता हाय. आता तू पण मान."

प्रज्ञेश कसला मानतो? संध्याकाळी त्याने घरात फर्मान काढलं, "उद्यापासून बाबा घरीच."

त्याच्या आईने, मीराबाईंनी पोळी तव्यावरच सोडली. "मग उद्या तू रजा टाक. हे घरी असले की ताट बडवून जेवणाची सुट्टी करतात. कुकर उघडायला मला यांची परवानगी लागते!"

सकाळी प्रज्ञेशने मुकाट्याने बाईक काढली आणि कारखान्याच्या एक गल्ली अलीकडे थांबवली.

"इथून चालत जा, बाबा. कोणी ओळखीचं बघेल."

काशीराम उतरला नाही. त्याने मागून हात लांब करून हॉर्नवर तोच अंगठा ठेवला आणि शोभाबाई गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत उचलला नाही.