टांगलेला पापड

आमच्या गल्लीत खायला पापड मागणारे पुष्कळ आहेत. टांगायला मागणारा माणूस मात्र एकच, विष्णूअण्णा सुतार!

"मास्तर, उडदाचा हाय का एक? भाजून द्या की." पावसाळ्यात सकाळी आठच्या सुमाराला अण्णा आमच्या दारात उभे. भाजलेला पापड दोन्ही तळव्यांवर घेऊन ते समोरच्या आपल्या कारखान्यात जाणार, दोऱ्याने आढ्याला टांगणार आणि त्याच्याखाली बसून सावकाश एक कप चहा पिणार. चहा संपला की पापड मोडून बघायचा. कट् वाजला तर कामाला हात. सादळून वाकला तर हत्यारे पेटीत आणि अण्णा खाटेवर. "हवेत पाणी हाय. आज सरस लावायचा न्हाई."

अण्णा गिटार बनवतात. होय, कोल्हापुरात, मंगळवार पेठेत, आणि हाताने! पहिल्यांदा ऐकल्यावर मीही असाच उडालो होतो. तरुणपणी ते मिरजेत सतारी करायला शिकले. पुढे कुणीतरी फुटकी स्पॅनिश गिटार दुरुस्तीला आणून टाकली. अण्णांनी ती उघडली आणि आत बघतच राहिले. वरच्या पातळ फळीला आतून पंख्यासारख्या सात नाजूक पट्ट्या चिकटवलेल्या. "तवाच येडा झालो मास्तर. भाईरनं नटवी दिसती, पर सगळं इमान आत हाय!" त्या दिवशी सतार सुटली ती सुटलीच.

गिटारीतले काही मला कळत नाही, पण तिच्या दोन जातींतला फरक अण्णांनी मला चार शब्दांत शिकवला. "क्लासिकल म्हंजे पांढरा रस्सा आन् फ्लॅमेंको म्हंजे तांबडा. पांढरा दमानं प्यायचा. तांबड्यानं पैल्या घोटाला ठसका लागला पायजे." फ्लॅमेंको, म्हणजे स्पेनमधल्या ठेक्याच्या नाचगाण्याची गिटार, अंगाने पातळ, वजनाला हलकी, वाजवणारा तारा तर छेडतोच, वर फळीवर बोटांनी ठोकेही मारतो. हे ऐकून मी वहीत लिहून घेतले. मास्तराची खोड!

अण्णांची खोड टिचकीची. कुणाच्या घरी गेले की आधी दार, मग टेबल, मग पाट, सगळ्यांना एकेक टिचकी. आमच्या भाचीच्या लग्नात त्यांनी नवऱ्यामुलाच्या पायाखालच्या पाटाला टिचकी मारली आणि मंगलाष्टके चालू असताना मोठ्याने निकाल दिला, "पाट बोलतोय!" भटजी थांबले. बिचाऱ्या नवऱ्यामुलाने एक पाय वर उचलला.

पण या सगळ्याहून मोठे प्रकरण म्हणजे साहेब. गिटार तयार झाली तरी अण्णा ती गिऱ्हाइकाला देत नाहीत. "सायबांनी पास केली पायजे." साहेब कोण, कुठले, विचारायची सोय नाही. गल्लीचे मत असे की मिरजेला कुणी म्हातारे उस्ताद असावेत. साहेबांनी नापास केलेल्या दोन गिटारी भिंतीवर टांगलेल्या आहेत. देखण्या आहेत, सुरेल आहेत, पण अण्णांनी त्या कुणाला विकल्या नाहीत.

घरात अण्णा आणि शालनवहिनी, दोघेच. एका तापात वहिनींचे कान गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. त्या कारखान्याच्या चौकटीला पाठ टेकून तांदूळ निवडत बसतात. हाक मारायची झाली की अण्णा चौकटीवर तीन टिचक्या मारतात. पाठीला ते कळते आणि वहिनी वळून बघतात. "चाऽऽ पायजे व्हय?" हे मात्र अख्ख्या गल्लीला ऐकू जाते.

तर गेल्या वर्षी पुण्याची ईशा नावाची मुलगी फ्लॅमेंको गिटार बनवायला सांगून गेली. गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा रंगमंचावरचा पहिला कार्यक्रम होता आणि तो तिला अण्णांच्याच गिटारीवर करायचा होता. आषाढ गेला, श्रावण आला, आणि रोज पापड सादळू लागला. ईशा फोन करून करून थकली आणि शेवटी मलाच लावू लागली. "काका, तुम्ही सांगा ना त्यांना!"

मी सांगितले. माझ्या ओळखीच्या एकाने अण्णांना हवेतला ओलावा मोजायचे यंत्रही आणून दिले. अण्णांनी ते कौतुकाने खिळ्याला अडकवले आणि शेजारी पापड टांगला. "यंत्राला काय, सेल घातला की बोलतंय. पापड खोटं बोलत न्हाई."

आणि मग मी ते केले. जन्मभर भूगोल शिकवला, परीक्षेला कॉपी करणारी पोरे कान धरून उभी केली, आणि साठी उलटल्यावर स्वतः कॉपी केली! अण्णा हात धुवायला मागे गेले होते. वर पापड लुळा पडला होता. मी पळत घरी गेलो, ताजा पापड भाजला, धोतराच्या सोग्याखाली लपवून आणला आणि बदलला. अण्णा आले. कट्! त्यांचा चेहरा असा उजळला की मलाही क्षणभर पुण्य केल्यासारखे वाटले. त्यांनी सरस तापवला, वरच्या फळीला सातही पट्ट्या बसवल्या आणि शिकंजे आवळले. वहिनी चौकटीतून माझ्याकडे बघत होत्या, एवढे मला आठवते.

फाल्गुनात ऊन तापले आणि फळी तडकली. ओल्या हवेत फुगलेले लाकूड तसेच चिकटवले होते, ते आता आकसले. केसाएवढी चीर, पण थेट तारांखालून गेलेली. पाडव्याला वीस दिवस उरले होते. अण्णा गिटार मांडीवर घेऊन बसले होते. "माजं काय चुकलं मास्तर? पापड तर वाजला हुता."

मला राहवले नाही. सगळे सांगून टाकले.

अण्णा ओरडले असते तर बरे झाले असते. ते नुसते हळू आवाजात म्हणाले, "पापडाला खोटं बोलायला लावलंसा, मास्तर?" चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. त्या चार दिवसांत मी रोज सकाळी आठला एक पापड भाजून ठेवत होतो, हे मी कुणाला सांगितले नाही, आज लिहितो आहे. पाचव्या दिवशी सकाळी आठला दारात हजर. "पापड द्या. आन् ह्या खेपंला संगट बसायचं माज्या."

मग काय दिवस गेले ते! पाठीची फळी सोडवली, चीर मिटवली, आतून चिमणीच्या जिभेएवढे लाकडाचे तुकडे लावले. पोट उघडे पडलेच आहे तर अण्णांनी सातही पट्ट्या पुन्हा तासायला घेतल्या. एक हलका हात रंध्याचा, एक टिचकी, कान फळीला. पुन्हा रंधा. मी श्वास धरून बसायचो. हवा खणखणीत कोरडी, पापड रोज कट्! शेवटचा शिकंजा सुटला तेव्हा मी टाळी वाजवली, एकट्यानेच.

पाडव्याच्या आदल्या दिवशी ईशा सकाळच्या गाडीने आली. तारा चढवल्या. तिने दोन ठोके मारून असा काही झणझणीत तुकडा वाजवला की समोरचा किराणावाला तागडी तशीच धरून दुकानाबाहेर आला. ठसकाच लागला सगळ्यांना!

"देऊ या आता," मी म्हणालो. "संध्याकाळची गाडी आहे तिची."

"सायबांनी पास केली पायजे."

ईशाच्या डोळ्यांत पाणी आले. आता मिरजेला कधी जायचे आणि यायचे कधी? मीही चिडलो. अण्णांनी आमच्याकडे लक्ष दिले नाही. त्यांनी चौकटीवर तीन टिचक्या मारल्या.

शालनवहिनी सूप बाजूला ठेवून, हात पुसून आत आल्या आणि ईशाच्या शेजारी खेटून बसल्या. हे त्यांच्या सवयीचे दिसत होते. अण्णांनी गिटारीचा खालचा भाग वहिनींच्या छातीशी टेकवला, मान ईशाच्या हातात दिली. वहिनींनी एक तळवा गिटारीच्या पाठीवर ठेवला, गाल लाकडाला लावला आणि डोळे मिटले.

"वाजव," अण्णा म्हणाले.

ईशाने वाजवले. अण्णा समोर उकिडवे बसले होते, निकालाच्या दिवशी पोरे बसतात तसे, वहिनींच्या तोंडाकडे बघत. माझ्या कानाशी बोलल्यासारखे ते पुटपुटले, "कान हुतं तवा चुलीपास्नं वरडायची, 'मुकं हाय वो!' मग मी परत रंधा धरायचो. आता माजा आवाज तिच्यापत्तूर जात न्हाई मास्तर. काम तरी जाऊ दे."

दोन गिटारी भिंतीवर का टांगल्या आहेत, ते मला तेव्हा कळले.

वहिनी बराच वेळ हलल्या नाहीत. मग त्यांनी आपल्या छातीवर हात ठेवला आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आलं वो! हितं आलं!"

अण्णा उठले, उगाच रंधा उचलला, परत ठेवला. ईशा हसत रडत होती. मी घड्याळ बघितले आणि शिस्तीने म्हणालो, "अण्णा, पास झाली. पोरीची गाडी चुकेल आता."

"चुकू दे," अण्णा म्हणाले. "वाजव गं आजून. तिचं ऐकून व्हायचंय."