मल्लेशम आणि बारा अक्षरं

आमच्या टॉवेल कारखान्यातला वायरमन मल्लेशम माणसांची नावं हमखास चुकवतो. मी शिंदे, त्याच्या लेखी कधी जाधव, कधी पवार. पण यंत्रमागांवर बसवलेल्या, काडेपेटीएवढ्या वायफाय बोर्डांचे बारा-बारा अक्षरी नंबर त्याला तोंडपाठ!

हे खूळ लागलं ते बोर्ड नवे होते तेव्हा. माग थांबला की ऑफिसातल्या स्क्रीनवर कळवायचं, एवढंच त्यांचं काम. पण बसवणाऱ्या इंजिनिअरनं चाळीसही बोर्डांना एकच नाव देऊन ठेवलेलं. त्या नावानं एक जोडला गेला की आधीचा बाहेर. माग धडधडतायत आणि स्क्रीनवर बंद! मालक विणकरांवरच उखडले. लक्ष्मीबाईंना तर सगळ्यांदेखत म्हणाले, "झोपा काढता काय?" बाई मागाकडे तोंड करून रडत राहिल्या.

मल्लेशमला ते फार लागलं. "बाईची चूक न्हाय हो मालक. चाळीस जण एकाच नावानं हजेरी द्यायलेत."

त्यानं बाकीचे बंद ठेवून एकेक बोर्ड चालू केला. प्रत्येक चिपमध्ये ती बनतानाच कोरलेला वेगळा नंबर असतो. तो वाचून वहीत उतरवला. मग इंजिनिअरला फोन. "नाव तुमी ठेवूच नका. ज्यानं त्यानं आपला जन्माचा नंबर सांगू दे की!"

तिसऱ्या दिवशी स्क्रीनवर चाळीस माग वेगवेगळे दिसले. मल्लेशमनं मालकांना हाताला धरून लक्ष्मीबाईंसमोर नेलं. मालक चक्क "चुकलं माझं" म्हणाले.

तेव्हापासून कुणी "तो सतरा नंबरचा बोर्ड" म्हणालं की मल्लेशम खवळतो. "माग सतरा. बोर्डाला त्याचा नंबर हाय!"

गेल्या महिन्यात तो दोन दिवस आला नाही, म्हणून भवानी पेठेत त्याच्या घरी गेलो. आम्ही बोलत होतो, तोच आतून म्हातारीची हाक आली, "नरसिंगा!"

मल्लेशम लगबगीनं उठला, तिला पाणी पाजून आला.

"नरसिंग कोण?" मी विचारलं.

"थोरला भाऊ. वारला. अम्माला मी ओळखू येत न्हाय आता. त्याचीच वाट बघती."

"मग सांगत का नाहीस, मी मल्लेशम म्हणून?"

"सांगितलं की एकदा. तर म्हणाली, 'मग नरसिंगा कुटं हाय?' दिवसभर रडली."

आतून पुन्हा हाक आली.

"ओ, अम्मा," म्हणत तो आत गेला.