विमानाला विनंती थांबा

कुठली गाडी कुठल्या फाट्यावर किती वाजता येणार, हे मला विचारायचं! शहापूरच्या एसटी स्टँडावर एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो मी. भाची रविना जळगावहून विमानाने मुंबईला आणि तिथून घरी येणार म्हटल्यावर लगेच कागद-पेन्सिल घेतली.

जळगाव ते मुंबई हवेतून तीनशे पंचावन्न किलोमीटर. वेळ पासष्ट मिनिटं. वाटेत ना घाट, ना चहापाणी! आटगावजवळचं आमचं गाव मुंबईच्या अलीकडे पासष्ट किलोमीटर. म्हणजे चारला सुटलेलं विमान चार त्रेपन्नला बाईजाच्या घरावर!

बाईजा म्हणजे माझी धाकटी बहीण, रविनाची आई. सहा महिने तिने लेकीचं तोंड पाहिलं नव्हतं.

"दादा, घरावरनंच जातं तर डायवरला सांग ना, पोरीला हितंच उतरव."

"अगं, विमानाला विनंती थांबा नसतो!"

"येस्टी थांबते, मग ह्याला कसला एवढा माज?"

बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. मला राहवेना. म्हटलं, "उतरायची नाय, पण वरनं तुला बघंल तरी. मी सांगतो तिला, खिडकीपाशी बस म्हणून."

तसा फोन केलाही. दुसऱ्या दिवशी खळ्यावर बाईजाचं लाल लुगडं पसरलं, चार कोपऱ्यांना दगड ठेवले. विमानात फोन चालू ठेवत नाहीत, एवढं मला ठाऊक. म्हणून खबरदारी घेतली. सकाळपासूनच माझा फोन विमान मोडवर! बाईजाचाही टाकला.

साडेचारला सगळी आळी खळ्यावर. चार पस्तीसला एक विमान दिसलं आणि सगळ्यांनी हात हलवले.

"अरे, हे नाय! अजून अठरा मिनटं आहेत!" मी ओरडलो.

"मंग काय झालं?" शेजारचा कमळू म्हणाला. "त्यातबी कुणाची पोर असंलच की!"

चार त्रेपन्न. घरघर ऐकू आली. अगदी टायमात! बाईजा पेंढ्याच्या गंजीवर चढली आणि पदर हलवत जिवाच्या आकांताने ओरडली, "रविना गो! जेवलीस काय?"

"नाय गो आये, लय भूक लागलीय!"

मागे वळून पाहतो तर बॅग घेऊन रविना उभी!

बाईजाने एकदा वर पाहिलं, एकदा खाली पाहिलं आणि गंजीवरून थेट लेकीच्या गळ्यात पडली. "उतरवली! दादा, उतरवली रे डायवरनं!"

रविना माझ्या कानाशी कुजबुजली, "मामा, विमान सकाळीच रद्द झालं. रेल्वेनं आले. किती फोन केले तुमाला..."

"दमली असशील पोरी," म्हणत मी घाईघाईने तिची बॅग उचलली. तिने आईकडे पाहिलं. आई रडत होती, हसत होती, सगळ्यांना लेक दाखवत होती. रविना हसली आणि गप्प बसली. गुणाची पोर!

आता कमळू रोज माझ्या दारात येतो. पुढच्या महिन्यात त्याची चंदा नागपूरहून विमानाने येणार आहे.

"नियंत्रक, आमची पोर जरा विहिरीपाशी उतरवा. तिथनं घर जवळ पडतं."

मी म्हटलंय, बघतो.