नळ क्रमांक चार आणि चारशे कोटींची बचत

अमडापूरपासून सात किलोमीटरवरील बोरटेंभा खुर्द येथे सार्वजनिक नळ क्रमांक चारचा व्हॉल्व्ह तीन वर्षांपूर्वी निकामी झाला. नव्याची किंमत बाराशे रुपये. नळ पंचफुलाबाईंच्या दारासमोर, त्यामुळे त्यांचे दरमहा एक असे छत्तीस अर्ज ग्रामपंचायतीत आले. मी ग्रामपंचायतीचा लिपिक, भागवत. छत्तीसही अर्ज मी स्वतःच्या हातानं फाइलला लावले. एकाचाही कोपरा दुमडू दिला नाही.

व्हॉल्व्हला पैसे नव्हते. सरपंच शेषराव कामात होते. गावाच्या वेशीवर स्वागत कमान, कमानीच्या भूमिपूजनाचा मांडव, आणि मांडवात सरपंचांचे स्वतःच स्वतःला शुभेच्छा देणारे बॅनर. आमदनी अठन्नी, खर्चा रुपय्या.

शेवटी निवृत्त शिक्षक धम्मरत्न गुरुजी ग्रामसभेत उभे राहिले. "सत्तेवर भरवसा ठेवायचा नसतो, लगाम ठेवायचा असतो," ते म्हणाले. "म्हणून तर देशाले घटना हाय. आपल्या गावालेही एक पाहिजे." त्यांनी तीन कलमं वाचली. एक, वर्षाचा खर्च वर्षाच्या उत्पन्नापेक्षा जास्त होणार नाही. दोन, झाला तर सरपंच घरी जाईल. तीन, ही कलमं बदलायला ग्रामसभेत तीन चतुर्थांश हात लागतील.

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात सरपंचांनी वाजवल्या. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण मी इतिवृत्त लिहीत होतो.

दुसऱ्या दिवशी सरपंचांनी मला बोलावलं. "भागवत, पंचफुलाबाईचा व्हॉल्व्ह आपन बसवला का?"

"नाही."

"मंग बाराशे वाचले. वाचले ते कमावले. लिही उत्पन्नात."

मी लिहिलं: 'नळ क्रमांक चार दुरुस्त न केल्यामुळे झालेले उत्पन्न, रु. १,२००.' एकदा हात मोकळा झाला आणि मग काय विचारता! शाळेचं छप्पर न बदलल्याचे दोन लाख. नाली न काढल्याचे सव्वाचार. दुपारच्या चहानंतर सरपंचांची नजर खिडकीबाहेर, दूरवर गेली. "आपन गावात विमानतळ बांधला का बे?"

"नाही, भाऊ."

"चारशे कोटी. लिही."

अर्थसंकल्प रुपयाला रुपया जुळला. जिल्ह्यात इतका शिस्तीचा अर्थसंकल्प कुणाचा नव्हता. कमान संगमरवरी ठरली, आणि कमान कुठे आहे हे दाखवणारी दुसरी कमान.

गुरुजी तरातरा आले. "हे थोतांड हाय, शेषराव!"

"गुरुजी, न केलेला खर्च मोजू नका, असं कोन्त्या कलमात हाय?"

"तसं लिहायची पाळी येईन असं वाटलं नव्हतं," गुरुजी म्हणाले, आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत मटकन बसले.

गुरुजींनी दुरुस्तीचा ठराव आणला. ग्रामसभेत दोन हात वर झाले, एक त्यांचा आणि एक पंचफुलाबाईंचा. लगेच सरपंचांनी दुसरा ठराव मांडला: चारशे कोटींच्या गावात पाणीपट्टी कशाला घ्यायची? माफ! तुरीच्या शेतासारखे हात उभे राहिले. माझा उजवा हात इतिवृत्त लिहिण्यात गुंतला होता, म्हणून मी डावा वर केला.

पाणीपट्टी थांबली तशी तिजोरी वाजायची थांबली. हाती होती तेवढी रोकड घेऊन कमानीचा ठेकेदार पसार झाला. मागं कमानीचा एक पाय उरला. मग नळ क्रमांक एक मोडला. सरपंच खूश. "मोडू दे, उत्पन्न वाढलं." पाठोपाठ दोन, तीन, पाच मोडले. गावानं उत्पन्नाचे सगळे विक्रम मोडले आणि बायका दोन किलोमीटरवरच्या विहिरीवर जाऊ लागल्या.

पंचफुलाबाई सदतिसावा अर्ज घेऊन आल्या. सरपंचांनी त्यांना बसवून समजावलं. "बाई, व्हॉल्व्ह बसवला तर बाराशे खर्च वाढते अन् बाराशेचं उत्पन्नही जाते. चोवीसशेची तूट! घटना मोडून मले घरी पाठवता का?"

"माह्या गुडघ्यानं पानी आनून आनून दम सोडला," पंचफुलाबाई म्हणाल्या. "तुमच्या घटनेले गुडघे हायेत का?"

पंचफुलाबाईंनी अर्ज परत घेतला, चिखलीला जाऊन स्वतःच्या पैशानं व्हॉल्व्ह आणला, आणि त्यांची सून समता हिनं पाना फिरवून तो बसवला. नळाला धो धो पाणी आलं.

तातडीची ग्रामसभा. निषेधाचा ठराव. नोटीस मीच लिहिली: 'आपण ग्रामपंचायतीच्या उत्पन्नाचे साधन परवानगीशिवाय दुरुस्त करून गावास बाराशे रुपयांच्या तुटीत ढकलले आहे. तरी नळ सात दिवसांत पूर्ववत नादुरुस्त करावा.' गुरुजी सोडून सगळ्या गावानं खाली सह्या केल्या.

सह्यांची शाई वाळायच्या आत नळ क्रमांक चारवर सगळ्या गावाची रांग लागली. पंचफुलाबाई खाटेवर बसलेल्या, बाजूला स्टीलचा डबा. "हंड्याले पाच रुपये. व्हॉल्व्हचे बाराशे फिटले की फुकट. डबा सगळ्यायले दिसते, मोजून घ्या." महिन्याला तीस रुपये पाणीपट्टी ज्यांना जड होती, ते मुकाट पाच रुपये टाकत होते.

सरपंच दोन कॅन घेऊन आले. पंचफुलाबाईंनी विचारलं, "सरपंच, हे पानी तं घटनेच्या बाहेरचं हाय ना?"

"प्यायले नाही नेत, बाई. आंघोळीपुरतं," सरपंच म्हणाले आणि दहा रुपये टाकले.

माझा नंबर आला. "भागवतभाऊ, माफीच्या वक्ती कोन्ता हात वर केला होता?"

"डावा," मी म्हणालो. खोटं कशाला बोला.

"मंग उजव्यानं पैसे काढ."

काढले. लाज वाटली, खरंच वाटली. पण हंडा भरून घेतला.

आणि तुम्ही काय हसून राह्यले? माझ्या मागचा नंबर तुमचाच आहे. तो वर केलेला हात आधी खाली घ्या, आणि हंडा पुढं सरकवा.